निरगाठ नको, सुरगाठ मार

दिवाळीत आलास तेव्हा ओसरीवर बसून तू कागदावर झोपडीचं चित्र काढलंस. चार खांब, वर टिनाचे पत्रे, बाजूला उंच मचाण, त्याला शिडी आणि खाली बारीक अक्षरात ‘सिमेंटचा चबुतरा’. मी तेव्हा काही बोललो नाही. तुझी मामी ताट वाढत होती आणि ताटावर बसलेल्या भाच्याला टोकू नये. आता सांगतो. चबुतरा खोड. पत्रे खोड. बाकीचं बघू.

तुझी कल्पना मला पटलेली आहे. पर्लकोटेचं पाणी ओसरलं की पात्रात जे बेट उघडं पडतं, तिथे मासे धरायला जाणाऱ्यांना रात्री पाठ टेकायला आडोसा हवा. जानेवारीत शाळेची पोरं नेऊन त्यांना पाखरं दाखवायची, तर बसायला उंच जागा हवी. दोन्ही कामं चांगली, पण दोन्ही दिवाळी ते रोहिणी एवढ्याच काळातली. पुढचे पाच महिने ते बेट नदीचं. मला ज्या माडिया म्हाताऱ्यानं हे शिकवलं, तो पहिल्या दिवशी एवढंच म्हणाला होता की जे एका दिवसात सोडून डोंग्यात घालता येत नाही, ते बेटावर बांधायचं नाही. मी विशीतला. मला वाटलं, म्हातारा आळशी आहे.

त्याच वर्षी मी आणि माझ्या दोन सोबत्यांनी बेटावर पत्र्याचं छप्पर केलं. चांगले बोटभर लांबीचे खिळे ठोकले. मे महिन्यात एका दुपारी वावधन सुटलं आणि एक पत्रा उपटून सोबत्याच्या दंडावर बसला. अजून त्याचा तो हात पुरता वर जात नाही. उरलेले पत्रे काढायला गेलो तर खिळे गंजलेले, निघेनात. ‘उद्या बघू’ करता करता मृग लागला. मग आम्ही तिघं काठावर उभे राहून आपलीच झोपडी वाहत जाताना पाहिली. म्हातारा शेजारीच उभा होता. हसला नाही, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून एक नियम. बेटावर निरगाठ मारायची नाही, सुरगाठ मारायची. दोरीचे वेढे हवे तेवढे घट्ट घाल, पण शेवटचा फास असा ठेव की एक टोक ओढलं की सगळं सुटावं. खिळा ही सुद्धा निरगाठच. सिमेंट तर निरगाठीचा बाप.

आता पाण्याचं सांगतो, कारण इथेच शिकलेली माणसंही चुकतात. आपल्या भामरागडच्या संगमाला पूर दोन तऱ्हांनी येतो.

एक वरून येतो, तो सगळ्यांना कळतो. पर्लकोटा छत्तीसगडातून येते, तिकडे तिला कोटरी म्हणतात. तिकडे पाऊस झाला की इकडे आभाळ कोरं असलं तरी पाणी येतं. आधी रंग बदलतो, मग फेस, मग सुकी पानं आणि काड्या, आणि त्यांच्या मागून ओंडके. आवाजही बदलतो. रोजचा खळखळाट बंद होऊन खालच्या सुरात घुमल्यासारखं ऐकू येतं. पानं-काड्या दिसल्या की जाळं गुंडाळायला सुरुवात करायची. ओंडका दिसल्यावर गुंडाळायला बसलास तर उशीर झाला.

दुसरा पूर खालून येतो. त्याला फुगवटा म्हणतात आणि त्याला आवाजच नसतो. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीतून निघते, बस्तरमध्ये चित्रकोटला उडी घेते, आपल्याकडे येऊन पर्लकोटा आणि पामुलगौतम पोटात घेते आणि पुढे सोमनूरला गोदावरीत जाते. गोदावरी तुंबली की इंद्रावतीला वाट मिळत नाही. इंद्रावती तुंबली की आपल्या दोन्ही नद्या जागच्या जागी उभ्या राहतात. धार दिसत नाही, फेस एका जागी थबकलेला असतो, आणि पाणी मात्र मांजरासारखं वर चढत असतं. पर्लकोटेच्या त्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढलं की हेमलकसा अलीकडे, भामरागड पलीकडे आणि बाजारपेठेतले दुकानदार माल माळ्यावर चढवताहेत, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. २०१९ च्या पावसाळ्यात तर पाणी इतक्या वेळा गावात शिरलं की मी मोजणं सोडून दिलं होतं. त्यातले किती पूर वरचे आणि किती फुगवट्याचे, हे त्या पुलाजवळ उभं राहून फेसाकडे बघणाऱ्यालाच कळतं.

तू म्हणशील, मामा, मी तर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात बसणार. खरं आहे. पण अवकाळीनं रातोरात हातभर पाणी चढलेलं मी पाहिलं आहे, आणि सपाट वाळूवर हातभर पाणी म्हणजे अर्धं बेट गेलं. म्हणून मचाण पाखरांसाठी नंतर, पाण्यासाठी आधी. त्यावरून नदीची वरची बाजू जशी दिसली पाहिजे तशी संगमाकडची खालची बाजूही दिसली पाहिजे. तुझ्या चित्रात मचाणाचं तोंड मावळतीच्या डोंगराकडे आहे. संध्याकाळ सुंदर दिसेल, पाणी दिसणार नाही.

आणि खुणेची काठी. मानवेल बांबूची पुरुषभर काठी घे, वीत-वीत अंतरावर खाच पाड आणि पाण्याच्या कडेला रोव. दिवस मावळताना खाच बघायची, झोपण्याआधी बघायची, रात्री उठलास तर बघायची. निर्णय आधीच करून ठेवायचा. एक खाच बुडाली तर सगळ्यांना उठवायचं, दुसरी बुडाली तर सामान तिथेच सोडून डोंग्यात बसायचं. त्या वेळी चर्चा नाही. रात्री दोन वाजता चर्चा करणारी माणसं नेहमी ‘थोडं थांबू’ असंच ठरवतात.

बांधण्याआधी विचारून घे. हे मी तुला शेवटी सांगणार होतो, पण तू विसरशील. नदीचं पात्र सरकारी, आजूबाजूचं रान वनखात्याचं, आणि आपला मुलूख पेसा कायद्यातला. तेव्हा पहिला शब्द ग्रामसभेत टाक. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतःच्या वाहतूक परवान्यावर विकला, ते सगळ्या राज्यानं पाहिलं. तुझ्या गावाचा दावा कुठपर्यंत आला आहे ते ग्रामसभेच्या माणसांना विचार, म्हणजे बांबू तोडताना कोणी हात धरणार नाही. पोलीस पाटलाला आणि ठाण्यातही आधीच सांगून ठेव. पलीकडे छत्तीसगडची हद्द आहे. अशा नदीत नवं मचाण उभं राहिलं आणि त्यावर रात्री टॉर्च हलला, तर विचारणारे येणारच. ते येण्याआधी आपण जाऊन सांगावं, यात कमीपणा नाही.

पुरात वाहून आलेला सागाचा ओंडका बेटावर अडकलेला दिसेल. तोंडाला पाणी सुटेल. हात लावू नको. वाहून आलेलं लाकूड मालकी सिद्ध होईपर्यंत सरकारचंच, असं १९२७ च्या वन अधिनियमात लिहिलेलं आहे. ते मला कसं कळलं, हे विचारू नको. नाहीतरी आलापल्लीचं सागवान अयोध्येच्या देवळात शोभतं, २०२३ मध्ये गेलंच आहे तिकडे. एका मोसमाच्या झोपडीला ते कशाला?

जागा निवडायला एक अख्खा दिवस दे. बेटाला डोकं असतं आणि शेपूट असतं. पाणी ज्या अंगाला येऊन आपटतं ते डोकं. तिथे गोटे, जाडी रेती, अडकलेली झाडं. शेपटीकडे बारीक रेती आणि तिच्यावर गाळाची साय. डोक्यावर बांधलंस तर येणारा पहिला ओंडका तुझा. शेपटीवर बांधलंस तर खांब धरत नाहीत, आज रोवला की उद्या दातासारखा हलतो. मधल्या भागात, एखाद्या मोठ्या खडकाच्या किंवा जुन्या झाडांच्या आडोशाला, उंचवट्यावर जागा बघ.

झाडांना विचारलंस तर ती वय सांगतात. नुसती शेरणी असेल, तर त्या जागेवरून दरवर्षी पाणी जातं. शेरणी पाण्यात आडवी होते आणि उतरल्यावर परत उभी राहते, म्हणून ती तिथे टिकते. करंज, जांभूळ, अर्जुन असे कमरेएवढ्या बुंध्याचे दिसले, तर ती जमीन बरीच वर्षं जागेवर आहे. मग बुंध्याची वरच्या प्रवाहाकडची बाजू बघ. साल सोलवटलेली असेल, तर ओंडके तिथूनच जातात. शेवटी मान वर कर. फांद्यांत सुकलेलं गवत, चिंध्या, प्लास्टिक लटकलेलं दिसेल, तुझ्या डोक्याच्याही वर. तो पुराचा हात. तो बघून आलास की चबुतऱ्याचा विषय तू स्वतःच काढणार नाहीस.

बेटाच्या मधून एक उथळ, मऊ, सपाट पट्टा गेलेला असतो. झोपायला सगळ्यात चांगली जागा तीच वाटते. ती नदीची जुनी धार आहे. पाणी चढलं की सगळ्यात आधी तीच भरते, आणि तू ज्या उंचवट्यावर आहेस त्याचे दोन तुकडे होतात. डोंगा एका तुकड्यावर, तू दुसऱ्यावर. डोंगा नेहमी झोपडीच्याच बाजूला ठेव, गावाच्या काठाकडे. त्याला लांब सोडलेल्या दोरीनं जिवंत झाडाला बांध. दोरी आखूड असली तर पाणी चढल्यावर डोंगा नाक खुपसून बुडतो. आणि हो, तेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन, झाकण घट्ट लावून, चार-चार एकत्र बांधून ठेव. पोरं नेणार असशील तर जेवढी पोरं तेवढे जुडगे. शोभा नाही, पण माणूस तरंगतो.

कोपरभर खोल हात घालून वाळू उकरून बघ. पाणी लागलं तर दुसरी जागा. जनावरांची उताराची वाट कुठे आहे तेही बघ. खुरांचे ठसे एका रेषेत पाण्यात उतरलेले दिसतात. त्या वाटेवर बांधू नको. अस्वल आपली वाट बदलत नाही. २०२१ पासून जिल्ह्यात हत्तीही आले आहेत. हत्तीपुढे बांबूचं मचाण म्हणजे उसाचं कांडं, तेव्हा हत्ती आसपास असल्याची खबर आली तर त्या आठवड्यात बेटावर जायचंच नाही. मोहाची फुलं किंवा दारू झोपडीत ठेवायची नाही, हे मी मामा म्हणून नाही, हत्तीच्या वतीनं सांगतो.

आता बांबू. आपल्याकडे दोन जाती, मानवेल आणि कटांग. मानवेल आतून भरीव, बुडाशी तर जवळजवळ लाकूडच. तो खांबांना आणि आडव्यांना. कटांग जाड पण पोकळ, काटेरी, तोडायला जीव घेणारा. तो चिरून कामट्या काढायला आणि तट्टे विणायला. पावसाळ्यात बेटाला हात लावू नको, तेव्हा वास्ते, म्हणजे नवे कोंब, येतात आणि बांबूत सगळा गोडवा चढलेला असतो. तो गोडवा भुंग्याला आवडतो. (आपल्याकडे बांबूच्या जाळीलाही बेट म्हणतात आणि नदीतल्या जमिनीलाही. म्हातारा एकदा ‘बेटावर जा’ म्हणाला आणि मी अर्धा दिवस रानात बांबूत बसून राहिलो.) तीन वर्षांचा बांबू घे. पहिल्या वर्षाच्या बांबूला खोळ असते आणि रंग तुकतुकीत. तिसऱ्या वर्षी रंग मळकट होतो, अंगावर पांढुरके डाग पडतात, आणि कोयत्याच्या पाठीनं ठोकलं की टणक आवाज येतो. जमिनीजवळच्या पहिल्या-दुसऱ्या पेराच्या लगेच वर काप, म्हणजे खुंटात पाणी साचून कंद सडत नाही.

अमावास्येच्या अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला भुंगा लागत नाही असं म्हणतात. मी दोन्ही पंधरवड्यांत तोडून पाहिलं. मला फरक दिसला तो भिजवण्यानं. तोडलेले बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेव, मग सावलीत उभे करून सुकव. पाणी आधी पिवळट होतं, वास मारतं. तो वास म्हणजे भुंग्याचं जेवण वाहून जातंय. तुझा बांबू दरवर्षी उतरवून परत वापरायचा आहे, म्हणून हे कष्ट. एकदाच वापरून टाकायचा असता, तर मी तुला भिजव म्हणालो नसतो.

खांबाचं वरचं टोक नेहमी पेराच्या लगेच वर काप. पोकळी उघडी राहिली तर दव साचतं आणि आतून कुजतं. आडवा बांबू बसवायला टोकाला अर्धचंद्र खोबण पाड, तीही पेराला धरून, नाहीतर खांब वजनानं चिरतो. दोरीला माहूलच्या वेलीची साल. नायलॉन आणतोस, आण, भांडत नाही. पण नायलॉन गुळगुळीत बांबूवर घसरतं आणि उन्हात दोन मोसमांत ठिसूळ होतं. माहूल पकडते. बांधून आठ दिवस झाले की प्रत्येक गाठ परत आवळ, कारण बांबू आणखी सुकतो, बारीक होतो आणि वेढे सैल पडतात. वेढ्यात एक काडी घालून पीळ दिलास की हाताची ताकद दुप्पट होते. माझ्या पाहण्यातली मचाणं कोसळली ती बांधताना नाही, आठव्या-दहाव्या दिवशी.

झोपडी साधी. दहा हात लांब, सहा हात रुंद, एकपाखी छप्पर. पाठ मावळतीकडे आणि बुटकी, इतकी बुटकी की दुपारचं ऊन आणि वावधन दोन्ही तिच्यावरून निघून जावं. तोंड गावाच्या काठाकडे, सताड उघडं. कूड नको, एका बाजूला तट्टा टेकव, पुरे. छप्पर एकसंध विणू नको. गवत शाकारलेले तीन वेगळे तट्टे कर आणि शेजारी शेजारी टाक. वाऱ्यानं एक उचलला तर दोन राहतात, आणि उतरवताना एकेक माणूस एकेक घेऊन चालू लागतो. गवताचं छप्पर पाणी निथळायला चांगलं उभं लागतं. तुझं छप्पर उन्हाला आणि दवाला आहे, त्यामुळे जरा चपटं चालेल. तट्ट्यांच्या कडेला माहूलच्या जाळीत दगड घालून लटकव. छप्पर वजनानं दबलेलं राहील आणि वारा त्याला खालून हात घालू शकणार नाही.

झोपायला वाळूवर नाही, हातभर उंच माचा. जानेवारीत संगमावर धुकं उतरतं तेव्हा वाळू हाडातली ऊब ओढून घेते. शिवाय विंचू. आणि मच्छरदाणी विसरलास तर तिथूनच परत ये. आपल्या तालुक्यात मलेरियानं किती माणसं नेली आहेत ते हेमलकशाच्या दवाखान्यात बसलेल्या कुठल्याही म्हातारीला विचार. १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी तिथे काम सुरू केलं तेव्हा तेही झोपड्यांतच सुरू झालं, म्हणून झोपडीला कमी समजू नको. मच्छरदाणीला तर मुळीच नाही.

मचाणाचे चार पाय. सरळ उभे नाहीत, खाली पसरलेले, वर जवळ आलेले, बैल पाय फाकून उभा राहतो तसे. वाळूत अडीच-तीन हात खोल जा. प्रत्येक पायाच्या बुडाशी हातभर लांबीचं आडवं लाकूड बांध आणि त्याच्यासकट पूर, वर गोटे ठासून भर. वाळूतून सरळ खांब उपटून येतो, हे बूड अडकून राहतं. चारही बाजूंना कैच्या मार. कैची नसलेलं मचाण पोरं चढेपर्यंत उभं राहतं आणि पोरं हसली की पडतं. उंची पुरुषभर आणि वर दोन हात, बस. शेरणीच्या वरून नजर गेली की काम झालं. तुझ्या चित्रातलं मचाण वीस फुटांचं आहे, ते ताडोब्यात बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसणाऱ्यांसाठी ठीक, त्यांच्यामागे झाड असतं. वाळूत वीस फूट म्हणजे झोका.

वरची बैठक चार हात बाय पाच हात. आडवे बांबू एकमेकांना लागून टाक, पोरांचे पाय बारीक असतात. बसल्यावर छातीला येईल एवढा कठडा, आणि त्याला आतून पानांच्या डहाळ्या, म्हणजे पाखरांना डोकी दिसत नाहीत. शिडी वेगळी कर, रात्री काढून ठेवता आली पाहिजे. अस्वल आणि बिबट्या तसेही चढतात, पण शिडी असली तर कुत्रंही चढतं. एका वेळी तीन पोरं आणि एक मोठा माणूस. पोरं चौथ्याला लपवून चढवतील, तेव्हा खाली एक माणूस उभा ठेव.

तुझ्या मोबाइलवर तू मला माजुलीची घरं दाखवलीस, ब्रह्मपुत्रेतल्या त्या मोठ्या बेटावरची. मिसिंग लोक बांबूच्या खांबांवर उंच घर बांधतात आणि पुराचं पाणी खालून जातं. मला ती फार आवडली, रात्री मी मामीलाही सांगितली. पण ती नुसती उंचीमुळे टिकत नाहीत. ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहून पाणी कुठे संथ आहे ते जाणतात. आपल्या बेटावर पर्लकोटा भर धारेत ओंडके घेऊन येते. खांब कितीही उंच केलेस तरी ओंडका खांबाच्या कमरेतच बसतो.

विजेचं लक्षात ठेव. मोकळ्या वाळूत सगळ्यात उंच वस्तू तुझं मचाण. ढग दाटले की पोरं खाली, पाण्याबाहेर, आणि उंच झाडाखालीही नाही. शक्यतो काठावर पक्क्या घरात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी केलेलं ते दामिनी ॲप घाटावर असतानाच बघून घे. बेटावर रेंज शोधत मचाणावर चढशील, त्यापेक्षा मोठा मूर्खपणा नाही.

चूल झोपडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. चुलीला नदीतले गोल ओले गोटे लावू नकोस. आत पाणी मुरलेलं असतं, तापले की फुटतात आणि ठिकऱ्या डोळ्यात जातात. काठावरचे कोरडे दगड घेऊन जा. पिण्याला पाण्यापासून दोन-तीन हातांवर वाळूत झिरा खण, पहिलं गढूळ पाणी उपसून टाक, मग भर आणि उकळ.

पाखरांचं म्हणशील तर चैत्र-वैशाखात वाळूवर टिटवी आणि नदी सुरय अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. एखादं पाखरू डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागलं की तिथल्या तिथे थांब, खाली बघ आणि आल्या पावलांनी परत फिर. पोरांना तो पट्टा दाखवायचा तो मचाणावरूनच. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं आपल्याकडे मानतात. म्हातारा दरवर्षी मे महिन्यात टिटवीची अंडी कुठे आहेत ते बघून झोपडी सोडायचा दिवस ठरवायचा. मी कॅलेंडर बघतो. पण टिटवी काय म्हणते तेही बघतो.

उतरवायचं ते रोहिणी लागायच्या आत, म्हणजे मेच्या पंचवीस तारखेपर्यंत. आधी छपराचे तट्टे, मग माचा, मग मचाणाची बैठक, मग कैच्या, शेवटी पाय. बांधताना प्रत्येक बांबूवर कोयत्यानं खूण कर, एका पायाला एक काप, दुसऱ्याला दोन, म्हणजे पुढच्या दिवाळीला अर्ध्या दिवसात उभं राहील. चुलीची राख पाण्यात टाकू नको, घेऊन ये, मामी वांग्यांना घालेल. खुणेची काठी मात्र काढू नको. ती नदीला घेऊ दे. पुढच्या वर्षी नवी करायची.

येत्या रविवारी ये. कोयता माझ्याकडे आहे, माहूलची साल मी भिजत घातली आहे. दोरी तुला स्वतः वळावी लागेल, मी बाजेवर बसून बघणार. आणि येताना त्या चित्राच्या मागच्या बाजूला नवं चित्र काढून आण, मचाणाचं तोंड पाण्याकडे करून.